पेण लांब की लंडन लांब?



वसंत व्याख्यानमालेतील विषय बहुधा भारदस्त असतात. आमचा विषय मात्र एका साध्या प्रश्नात मावतो. वाटेवर भेटलेल्या माणसाला आपण सगळेच तो विचारतो: ‘अमुक गाव येथून किती लांब?’ या प्रश्नाला आमच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, पूर्वी कोणीही मैलांत उत्तर देत नसे. ‘दोन कोस’ म्हणत, ‘दोन मजला’ म्हणत, ‘उन्हे कलायच्या आत पोचाल’ म्हणत. खाडीकाठचा माणूस तर उलट तुम्हांलाच विचारी, ‘जायचे कधी? भरतीला की ओहोटीला?’ अडाणीपणा म्हणून आपण या उत्तरांना हसतो. पण आज विमानतळावरच्या फलकाकडे पाहा. तेथे मैल लिहिलेले नसतात, वेळ लिहिलेली असते. खाडीकाठच्या माणसाचे म्हणणे खरे होते. प्रवाशाला अंतर भोगावे लागते ते वेळेच्या मापाने.

हे माप गेल्या पावणेदोनशे वर्षांत कसे बदलत गेले, आणि बदलताना कोणाच्या वाट्याला काय आले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभ घरापासूनच करू. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात निघाले. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे यांचा मोठा यज्ञ व्हावयाचा आहे, तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता कानी आली होती. वाटेत बंडाचा वणवा पेटला. त्यांनी झांशीचा वेढा आतून पाहिला, अनेकदा लुटले गेले आणि अखेर गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन चालत घरी आले. या प्रवासाला अडीच वर्षांच्या वर काळ गेला. पुढे त्यांनी तो लिहून काढला आणि त्यांच्या मागे १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने तो छापून निघाला. त्या अडीच वर्षांत घरच्यांना त्यांची खुशाली कळण्याचा भरवसा नव्हता. तेव्हा लांब जाणे म्हणजे जवळजवळ नाहीसे होणेच होते. म्हणून घरातून निघणाऱ्याच्या हातावर दही देत आणि ‘येतो’ म्हणून जा, असे बजावून सांगत.

त्याच सुमारास विलायतेचा रस्ता कसा होता? आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने जावयाचे, तर चार-सहा महिने लागत. १८६९ च्या नोव्हेंबरात सुवेझचा कालवा उघडला आणि आगबोटीने मुंबई-लंडन हा प्रवास सुमारे तीन आठवड्यांवर आला. गोडसे भटजींना पेणहून झांशीला जाऊन येण्यास जो काळ लागला, त्यात विसाव्या शतकारंभीचा माणूस विलायतेला जाऊन, पदवी घेऊन परत येऊ शकत होता.

असा एक माणूस आमच्या रोह्याचाच. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते येथे झाला. त्यांचे घराणे रोह्याचे आणि बाळपणही तेथीलच. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, ते केंब्रिजला गेले. पुढे आय. सी. एस.मध्ये पहिला क्रमांक, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, हे सर्व आपणांस ठाऊक आहे. आज त्यांची आठवण आम्ही काढली ती दुसऱ्या कारणाने. या अर्थशास्त्रज्ञाने कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत श्लोकबद्ध अनुवाद केला. मेघदूत हे आमच्या दृष्टीने हवाई मार्गाचे काव्य आहे. रामगिरीहून अलकेला जाणाऱ्या मेघाला यक्ष सर्व मार्ग समजावून देतो: कोठे उतरावे, कोठे पाणी भरून घ्यावे, कोणता पर्वत चुकवावा. आणि उज्जयिनी वाटेत नसली, तरी थोडी वाकडी वाट करून तिकडे जाऊनच यावे, असा आग्रह धरतो. आकाशातला रस्ता सरळ असतोच असे नाही, हे कालिदासाला ठाऊक होते. या वाकड्या वाटेकडे आपल्याला थोड्या वेळाने परत यावयाचे आहे.

आता विमानाकडे वळू. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीपर्यंत टपालाच्या पिशव्या विमानाने नेल्या. अंतर अवघे सहा मैलांचे आणि वेळ तेरा मिनिटांचा. जगातील पहिले अधिकृत विमानटपाल म्हणतात ते हेच. १९२९ साली लंडन ते कराची अशी ब्रिटिश विमानसेवा सुरू झाली. तिला सात दिवस लागत, आणि त्यातही मध्ये युरोपात प्रवाशांना विमानातून उतरवून आगगाडीत बसवीत! कराचीपर्यंत आलेले टपाल पुढे मुंबईस आणावयाचे काम १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी केले. एका इंजिनाच्या लहानशा पस मॉथ विमानात टपालाची पिशवी घेऊन ते सकाळी कराचीहून एकटेच निघाले, अहमदाबादला इंधन घेतले आणि दुपारी जुहूच्या मैदानात उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

जुहूचे हे मैदान कसले होते, हे पेणच्या खारेपाटातील माणसाला फार सांगावे लागणार नाही. समुद्राकाठची ती जमीन पावसाळ्यात चिखलाने भरे, आणि मग सगळी विमानसेवा उचलून चार महिने पुण्याला न्यावी लागे. आकाशातून जाणारे यंत्र खरे, पण शेवटी पाय टेकावयाला जमीन लागते आणि ती कोरडी लागते. विमानाच्या इतिहासातला अर्धा भाग आकाशाचा असेल, तर अर्धा असा जमिनीचा आहे. इतिहासकार मात्र बहुधा आकाशाकडेच पाहत राहतात.

८ जून १९४८. स्वतंत्र भारताचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्यात पस्तीस प्रवासी होते आणि भाडे होते १,७२० रुपये. पाच हजार मैलांच्या आसपासचा हा प्रवास सुमारे एका दिवस-रात्रीत झाला. तीन आठवड्यांचा एक दिवस झाला. त्या दिवशी देशाला अभिमान वाटला आणि तो योग्यच होता.

पण या तारखेच्या अलीकडे अकरा महिनेही जाऊ नका. १७ जुलै १९४७ चा दिवस आठवा. तो दिवस आमच्या जिल्ह्यात अजून विसरलेला नाही. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट रेवसला निघाली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या. सणाला घरी जाणारे कोळी, नोकरदार, व्यापारी, बायामुले यांनी बोट भरली होती. वादळी वाऱ्यात एका मोठ्या लाटेने बोट कलंडली आणि ती काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बातमी मुंबईला कळावयास दुपार उलटली. ती कळवली पोहून किनाऱ्याला लागलेल्या माणसांनी. धक्का ते रेवस हे अंतर दहा मैलांच्या आसपासचे. सणाला घरी निघालेला माणूस तेवढे दहा मैल सुखरूप पार पडेल, अशी शाश्वती नव्हती. आणि वर्ष उलटण्याच्या आत पस्तीस माणसे पाच हजार मैलांवर सुखाने उतरली.

श्रोतेहो, आमच्या व्याख्यानाचा मुद्दा म्हणाल तर हाच आहे. विज्ञानाने अंतरे कमी केली, हे वाक्य आपण शाळेपासून घोकतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. अंतरे एकसारखी कमी झाली नाहीत. लांबची गावे आधी जवळ आली, जवळची गावे लांबच राहिली. आणि जवळची लांब राहिली म्हणून ज्यांचे हाल झाले, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना लांबच्या गावी जावयाचे होते.

विमानप्रवासही तेव्हा निर्धोक नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तेच ‘मलबार प्रिन्सेस’ विमान १९५० च्या नोव्हेंबरात मों ब्लांच्या बर्फात कोसळले आणि अठ्ठेचाळीस माणसे दगावली. त्याच पर्वतावर जानेवारी १९६६ मध्ये ‘कांचनजंगा’ हे विमान आदळले आणि डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण गेले. फरक एवढाच की, प्रत्येक विमान-अपघातानंतर चौकशी होऊन यंत्रात, मार्गात, नियमांत सुधारणा होत गेल्या. जवळच्या प्रवासाच्या वाट्याला ही चिकाटी फार कमी आली.

आता दोन विमानतळांमधील अंतर मोजतात तरी कसे, ते थोडक्यात पाहू. मुलांच्या भिंतीवरील सपाट नकाशा घेऊन मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टीने रेघ ओढा. ती बगदादच्या आसपास जाईल. आता शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या आणि त्याच दोन शहरांवर दोरा ताणून धरा. तो दोरा इराणवरून, काकेशस पर्वताजवळून, काळ्या समुद्रावरून जातो. बगदादच्या रेखांशावर तो बगदादच्या कितीतरी उत्तरेस असतो. दोऱ्याची वाट सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. पट्टीची सरळ रेघ तीहून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर लांब. म्हणजे सपाट कागदाच्या नादी लागलात, तर मुंबई-रोहे एवढे अंतर अधिक चालावे लागते, आणि वर उरतेच. कारण पृथ्वी गोल आहे आणि कागद नाही.

ताशी नऊशे किलोमीटर वेगाने ७,२०० किलोमीटरांना आठ तास लागावेत. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना साडेआठ-नऊ तास लागतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानाला अडवतात आणि येताना पाठीमागून ढकलतात. धरमतरच्या खाडीत भरतीबरोबर चालणारा आणि ओहोटीशी झगडणारा मचवा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे शिकवावे लागत नाही. भरती-ओहोटी आकाशातही आहे.

तिसरी गंमत घड्याळाची. मुंबईहून पहाटे दोनला निघालेले विमान लंडनला सकाळी सातला उतरले, तर पाच तास झाले असे समजू नये. लंडनचे घड्याळ आपल्या मागे आहे, हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास. हा घोळ नवा नाही. १९०६ साली देशभर एक ‘स्टँडर्ड टाइम’ ठरला, तरी मुंबई शहराने ३९ मिनिटे मागे असलेला आपला ‘मुंबई टाइम’ पुढे कित्येक वर्षे सोडला नाही. नव्या वेळेच्या आणि मुंबईच्या वेळेच्या घोटाळ्यात किती जणांची गाडी चुकली असेल, याची नोंद कोणी ठेवली नाही.

१९६० च्या एप्रिलात एअर इंडियाचे बोईंग ७०७ लंडनला जाऊ लागले, मेमध्ये ते न्यूयॉर्कपर्यंत गेले. जेट विमानाने एका दिवसाचे काही तासांवर आणले. आणि येथे एक आश्चर्याची गोष्ट आहे. १९६० चे बोईंग ताशी जवळपास नऊशे किलोमीटर वेगाने जाई, आणि आजची विमानेही जवळपास त्याच वेगाने जातात. ध्वनीहून वेगवान असे काँकॉर्ड १९७६ पासून २००३ पर्यंत प्रवासी नेत होते. ते साडेतीन तासांत लंडनहून न्यूयॉर्कला पोचवी. परवडेना म्हणून ते बंद झाले. पुढे जे घडले ते एवढेच की, वाटेतले थांबे गेले, तिकिटे सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली आणि मुंबईहून न्यूयॉर्क पंधरा-सोळा तासांत एका झेपेत गाठता येऊ लागले. आकाशातला वेळ साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच बराचसा आटला होता. तेव्हापासून आटावयाचा राहिला आहे तो जमिनीवरचा.

अंतरे पुन्हा वाढतातही. १९६७ ते १९७५ सुवेझचा कालवा बंद होता आणि जहाजांना पुन्हा आफ्रिकेला वळसा पडला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि कितीतरी जहाजांनी पुन्हा तीच जुनी वाट धरली. आमच्या पेणच्या मूर्तिकारांना याचा अर्थ लगेच कळतो. परदेशी जाणारे गणपती काही विमानाने जातात, पण मोठी रवानगी पेट्यांतून जहाजानेच होते. म्हणून भाद्रपदाच्या कित्येक महिने आधी मूर्ती सुकवून, रंगवून, गवतात-कागदात बांधून रवाना कराव्या लागतात. वाट लांबली की येथे हंगाम अलीकडे ओढावा लागतो.

आणि कराची? ज्या वाटेने १९३२ साली आपले पहिले टपाल आले, ती वाट जे. आर. डी. टाटांनी १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तशाच लहान विमानातून पुन्हा केली. २०२५ च्या एप्रिलात पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि भारतानेही तेच उत्तर दिले. पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या कितीतरी विमानांना वळसा पडू लागला. मेघाची वाकडी वाट उज्जयिनीच्या सौंदर्यासाठी होती. आमच्या विमानांची वाकडी वाट माणसांच्या वैरापायी आहे.

आता पुन्हा घराकडे वळू. रोहे हे कोकण रेल्वेचे आरंभस्थान. रोह्यापर्यंत गाडी आली ती १९८० च्या दशकात, आणि तेथून पुढची कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण झाली. मुंबई-ठाण्याची पहिली आगगाडी १८५३ ची. ठाण्यापासून रोह्यापर्यंत यावयास तिला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. त्या अवधीत माणूस चंद्रावर जाऊन आला होता! मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाविषयी आम्ही काही बोलत नाही. येथे बसलेल्या प्रत्येकाच्या पाठीच्या मणक्याला ते पाठ आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा हा सुमारे २२ किलोमीटरांचा सागरी सेतू सुरू झाला. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळ नव्या विमानतळाचे उद्घाटन होऊन डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. ज्याला पेणहून विमान धरावयाला निम्मा दिवस घालवावा लागे, त्याला तेथे आता रस्ता मोकळा असेल तर तासाभरात जाता येते. दीडशे वर्षांत प्रथमच जमिनीवरचा वेळ आकाशातल्या वेळेच्या मागून धावत आला.

याची किंमत कोणी दिली, हे मात्र आपण विसरता कामा नये. त्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि कोंबडभुजे, तरघर, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावे हलवली. १९८४ च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींचा न्याय मागताना शेतकऱ्यांनी प्राण दिले. विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा त्यातूनच पुढे मिळाला. ज्यांचे शेत घरापासून हाकेच्या अंतरावर होते, त्यांचे शेत आणि घर दोन्ही हलले. आम्हांला लंडन जवळ आले, तेव्हा कोणाला तरी स्वतःचे आंगण लांब गेले.

शेवटी एकाच माणसाची आठवण काढू. पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबांचा जन्म झाला. देशमुख आणि ते यांच्यात वयाचे अंतर चार-पाच महिन्यांचेच. एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्लीत भूदानाला आरंभ झाला आणि पुढे तेरा वर्षे हा माणूस देशभर पायी चालला. विमाने होती, गाड्या होत्या, सरकारने त्या आनंदाने दिल्या असत्या. पण ज्या गावात भूमिहीन माणूस राहतो, त्या गावावरून विमान उडून जाते, त्या गावात उतरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९६२ साली ते पूर्व पाकिस्तानातूनही असेच पायी गेले. आज जेथे विमानाला वळसा घ्यावा लागतो तसल्याच एका सीमेतून हा पंचा नेसलेला माणूस चालत गेला आणि तेथल्या लोकांनीही त्याला जमीन दिली.

विमान नको, पायीच चला, असा उपदेश आम्ही करीत नाही. आमच्या घराघरांतील मुले आज परदेशी आहेत. आईला बरे नाही असा निरोप रात्री गेला, तर मुलगा दुसऱ्या दिवशी तिच्या उशाशी बसू शकतो. गोडसे भटजींच्या आईला हे सुख नव्हते. ते विमानाने दिले आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असावे. पण त्याच रात्री तालुक्याच्या टोकावरच्या वाडीतील एखाद्या बाळंतिणीला इस्पितळात न्यावयाला किती वेळ लागतो, हेही आपण मोजले पाहिजे. डोली करून ओढ्यापलीकडे नेण्याची वेळ अजून कातकरी-ठाकर वाड्यांवर येते. एखादा देश किती पुढे गेला हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या दोन मोठ्या विमानतळांमधील तास मोजू नयेत. त्याच्या शेवटच्या वाडीपासून पहिल्या डॉक्टरपर्यंतचे तास मोजावेत.

लंडन आता दहा तासांवर आहे. तो आकडा फार खाली येण्याची घाई कोणालाच नाही. ती वाडी किती तासांवर आहे, याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन काढावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.